गजादादांच्या निरोपाची पोपटी

गजादादा ठोंबऱ्यांनी ज्याला एकदाही झापलं नाही असा माणूस त्या कंपनीत शोधून सापडला नसता. मालकांचे मेहुणे एकदा पायात चपला घालून प्रयोगशाळेत शिरायला लागले, तर दादांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मेहुणे बिचारे कुणाचे तरी बूट मागून आले, तर नाडी सुटली आहे म्हणून दुसऱ्यांदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत.

खालापूर तालुक्यातली, महामार्गापासून थोडी आत असलेली ही कंपनी औषधांच्या कारखान्यांना लागणारी रसायनं थोडीथोडी बनवून द्यायची. दादा तिथल्या प्रयोगशाळेचे सुरक्षा निरीक्षक. चष्मा, हातमोजे, बूट, डोळे धुवायचा नळ आणि वाऱ्याची दिशा हे त्यांचं पंचायतन. एकतीस वर्षांत त्यांच्या हद्दीत कुणाचा डोळा गेला नाही की बोट गेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी त्यांचे आभारही मानले नाहीत. जो अपघात झालाच नाही त्याचे आभार कोण मानणार? आग विझवणाऱ्याचा गावभर सत्कार होतो, पण रोज रात्री चूल नीट विझवून झोपणाऱ्याला कुत्रं विचारत नाही.

आता जानेवारीच्या शेवटी दादा निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण साठीच्या माणसाने सांगावी अशी ती नव्हतीच. दादांना वाटत होतं, की आपल्या निरोपाला कुणीतरी रडावं.

याला कारण कँटीनच्या अंबूबाई. मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा अख्खी कंपनी रडली. मॅनेजर रडले, ड्रायव्हर रडले, दारावरचा वॉचमन तर भिंतीला टेकून रडला. दादा स्वतः कोरड्या डोळ्यांनी बघत होते आणि मनात म्हणत होते, या बाईने वीस वर्षं भात करपवला, तिच्यासाठी एवढं? मग मी तर यांचे डोळे राखले!

घरी त्यांनी आडून आडून विषय काढला. त्यांची बायको संध्या निवडलेले तांदूळ पाखडत होती. तिने सूपही थांबवलं नाही.

"तुमच्यासाठी कोन रडनार हाय?" ती म्हणाली. "आवो, तुमी गेटाच्या भायेर पडलात की पोरं फटाके लावतील."

"तू रडशील का?"

"मी? मी माज्या लग्नात पन रडले नाय."

हे मात्र खरं होतं. संध्येच्या पाठवणीच्या वेळी तिचे आईवडील, भावंडं आणि बेंजोवाले सगळे रडले होते, आणि नवरी टेम्पोत पुढच्या सीटवर बसून गजरा नीट करत होती.

*

निरोपाची तारीख शनिवारची ठरली. आदल्या गुरुवारी, म्हणजे उरल्यासुरल्या दिवसांत, प्रयोगशाळेत एक लहानशी गोष्ट घडली.

हर्षद नावाचा तरुण केमिस्ट हूडमध्ये काम करत होता. हूड म्हणजे आतली हवा वर खेचून छपराबाहेर टाकणारं काचेचं कपाट. गरम तेलातला चंबू उचलायला त्याने पातळ रबरी मोज्यांवर जाड चामड्याचे मोजे चढवले होते. चंबूच्या वरच्या नळीत बेंझाइल ब्रोमाइड होतं. नळीची तोटी सैल होती, आणि दोन-तीन चमचे माल डाव्या मोज्याच्या मनगटाकडच्या भागावर सांडला. हर्षदने शिकवल्याप्रमाणे केलं. मोजे हूडमध्येच उतरवले, काच खाली ओढली, हात धुतले आणि ओरडला, "गजादादा!"

दादा धावत आले. हर्षदचे हात, मनगट, डोळे तपासले. सगळं ठीक असल्याची खात्री झाल्यावर त्यांना एकदम उत्साह आला. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"बघून घ्या," ते काचेपलीकडच्या मोज्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "दिसायला पानी, पन एक नंबरचं रडवं. याची नुसती वाफ डोळ्यांत गेली की मानूस आई मेल्यासारखा रडतो. कातडीला लागलं तर भाजतं. पान्यात पडलं की हळूहळू आम्ल सोडतं, म्हनून बाटली कोरडी, बूच घट्ट, जागा थंड. लोखंडाशी त्याचं जमत नाय, पत्र्याच्या डब्यात ठेवायचं नाय. हुडाच्या भायेर उघडायचं नाय. आनि डोळ्यांत गेलंच तर काय करायचं?"

"पंधरा मिनिटं पाणी," सगळे शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात म्हणाले.

"पंधरा म्हंजे पंधरा. चौदा नाय. आनि आता हे मोजे. चामडं असला माल पितं. एकदा प्यायलं की धुवून निघत नाय, पुसून निघत नाय. हे मोजे आपल्याला मेले. सुनील, दोन पिशव्यांत बांध आनि पिवळ्या ड्रममदी टाक."

"व्हय साहेब," प्रयोगशाळेतला मदतनीस सुनील म्हणाला.

सगळी कंपनी ठोंबऱ्यांना गजादादा म्हणायची. एकटा सुनील साहेब म्हणायचा. तोही आधी दादाच म्हणायचा, पण सात वर्षांपूर्वी त्याने चष्मा न लावता ॲसिड ओतलं आणि दादांनी त्याला तीन दिवस घरी बसवलं. नेमका त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. कामावरून काढला काय रं, असं त्याच्या गावच्या, कुंभिवलीतल्या प्रत्येक पाहुण्याने विचारलं. तेव्हापासून दादांचे साहेब झाले. पुढे त्याच्या नावावर आणखी एक नोंद चढली. तीन नोंदी झाल्या की कायमचं घरी, हा कंपनीचा नियम दादांनीच करून घेतलेला.

एरवी दादा कुणावर विश्वास ठेवायचे नाहीत. पिवळ्या ड्रमचं झाकण स्वतः उघडून आत बघायचे आणि मगच वहीत खूण करायचे. त्या दिवशी ते ड्रमकडे निघाले, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख अपेक्षा मॅडमनी त्यांना हाक मारली.

"दादा, शाल कुठल्या रंगाची आवडेल?"

दादा लाजले. मोरपंखी, असं पुटपुटले. आणि तिथेच उभ्या उभ्या वहीत मोज्यांपुढे खूण केली.

मोजे ड्रममध्ये गेलेच नव्हते. सुनीलने पिशवी उघडून पाहिली होती, आणि त्याचा जीव हळहळला होता. अस्सल चामडं, शिवण शाबूत, आत मऊ अस्तर. दोन-तीन चमच्यांपायी असली वस्तू फेकून द्यायची? त्याच्या आईने आयुष्यभर उन्हाने सगळं शुद्ध केलं होतं. किडे लागलेले वाल उन्हात, कुबट गोधड्या उन्हात, ओल लागलेलं भात उन्हात. ऊन लागलं की दोष गेला. त्याने मोजे घराच्या पत्र्यावर दोन दिवस वाळत टाकले. तिसऱ्या दिवशी लांबूनच हुंगले, वास काही आला नाही. हा खटाटोप कशाला, तर त्याला त्या मोज्यांचं मोठं काम होतं. शनिवारी दादांच्या निरोपाची पोपटी त्याच्याच शेतावर होती.

*

पोपटी ही जेवायची गोष्ट आहे तशी ती अब्रूचीही आहे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, परत पाला, आणि तोंड पाल्याने घट्ट दाबून मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं. भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही. पोपटी कच्ची राहिली किंवा करपली तर लावणाऱ्याला पुढचा हिवाळा तोंड दाखवायला जागा नसते. सुनीलची पोपटी वीस वर्षांत बिघडली नव्हती. म्हणून तर साहेबांचं आणि त्याचं पटत नसतानाही मॅडमनी हे काम त्यालाच दिलं, आणि त्याने ते घेतलं.

पण दादांनी त्यातही नाक खुपसलंच. पोपटी रात्रीची असते, दादा म्हणाले दुपारी तीनला पेटवायची, कारण अंधारात पळायची वाट दिसत नाही.

"पोपटीतून पळायचं कशाला?" धोंडूबाई म्हणाली. ती प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची आणि दादांना न घाबरणारी तिथली एकमेव बाई होती. "मी तर खायाला येनार हाय."

शनिवारी दादा मोरपंखी शालीला शोभेल असा पांढरा झब्बा घालून शेतावर आले. खिशात वही, पेन्सिल आणि सवयीने सुरक्षेचा चष्मा. हातात संध्येच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ. आल्या आल्या त्यांनी एक वेळू रोवला, त्याच्या टोकाला तो काठ बांधला आणि वारा कुठून वाहतो ते बघत उभे राहिले. वारा घाटाकडून होता, महामार्गाकडे चालला होता. मग त्यांनी रचलेला पेंढा मोडायला लावला आणि सगळा जाळ खालच्या अंगाला हलवला. माणसं वाऱ्याच्या वर, जाळ वाऱ्याच्या खाली. धूर कुणाच्या अंगावर यायचा नाही.

"स्वतःच्या निरोपाला पन कामाला लावलंन," संध्या बायकांना सांगत होती. तिने घरून दोन डझन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी आणली होती. पुरुषांच्या स्वयंपाकावर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

चार वाजता समारंभ सुरू झाला. दादांची खुर्ची जाळाकडे पाठ करून मांडली होती, समोर गोणपाटांवर तीसेक माणसं. दादांच्या पाठीमागे सुनीलने एका मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. ते चर्रकन आटलं. पोपटी झाली होती. त्याने कमरेला खोचलेले मोजे काढले, हातांत चढवले, आणि दुसरा कुणी काठ्या-पोती घेऊन धडपडला असता तिथे हा पठ्ठ्या धगधगती मडकी नारळ उचलावेत तशी उचलू लागला. पाच मडकी त्याने शेताला वळसा घालून वरच्या बांधावर, करवंदीच्या जाळीआड नेऊन ठेवली. तिथे कुत्री येत नव्हती, आणि साहेबांची नजरही पोचत नव्हती. मग हातांत मोजे तसेच ठेवून तो मडक्यांच्या तोंडचा पाला दाबत बसला.

इकडे मॅडम बोलायला उठल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, गळ्यात झेंडूचा हार पडला. मॅडमनी दादांच्या शिस्तीबद्दल दोन वाक्यं म्हटली. लोक जांभया देत होते. दादांनी समोरचे चेहरे एकेक करून पाहिले. सगळे कोरडे ठणठणीत. दादांनी मनाला समजावलं, की शालीचा रंग चांगला आहे.

आणि मग धोंडूबाईने पदर डोळ्यांना लावला.

दादांना वाटलं कचरा गेला असेल. पण धोंडूबाई पदर काढेचना. ती बांधाच्या अगदी जवळ बसली होती, आणि तिचे खांदे हलत होते. मग तिच्या शेजारच्या दोघी डोळे पुसू लागल्या. हर्षदने चष्मा काढला, रुमाल काढला. मॅडम बोलता बोलता अडखळल्या, "दादांनी आम्हाला... दादांनी..." म्हणाल्या आणि त्यांच्या गालांवरून धारा लागल्या. मागे उभे असलेले ड्रायव्हर हुंदके देत होते. ज्या पोराला दादांनी मागच्याच आठवड्यात सगळ्यांदेखत झापलं होतं तो तर ढसाढसा रडत होता.

दादा खुर्चीत ताठ बसले. अरे, म्हणजे यांना कळत होतं! एकतीस वर्षं बोलले नाहीत, पण कळत होतं! अंबूबाईच्या वेळी वॉचमन एकटा भिंतीला टेकला होता, इथे तर माणसं एकमेकांना टेकली होती. दादांचेही डोळे चुरचुरले आणि त्यांनी ते चुरचुरू दिले.

मग त्यांची नजर संध्येकडे गेली. संध्या रडत होती.

संध्या! नाक लाल, तोंड वाकडं, दोन्ही डोळ्यांतून पाणी. स्वतःच्या लग्नात गजरा नीट करणारी संध्या. दादांच्या मनात कुणीतरी थंड पाण्याचा तांब्या ओतला. सगळी कंपनी रडेल, खुद्द मालकांचे मेहुणे रडतील, पण ही बाई नवऱ्याच्या निवृत्तीला रडायची नाही.

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. धूर तिरका होऊन महामार्गाकडे चालला होता. वेळूवरचा लाल काठही तिकडेच फडफडत होता. म्हणजे धुराने कुणी रडत नव्हतं. जे काही येत होतं ते वाऱ्याच्या वरून, करवंदीच्या जाळीकडून येत होतं. आणि आता नाकाला जाणवत होता तो तिखट, गोडसर वास दादा झोपेतही ओळखू शकले असते.

खरं सांगायचं तर दादा लगेच उठले नाहीत. एक मिनिटभर ते तसेच बसून राहिले. समोर तीस माणसं आपल्यासाठी रडताहेत, हे दृश्य त्यांना परत दिसायचं नव्हतं. उठून बोललं की ते पुसून जाणार होतं, आणि तेही त्यांनाच पुसायचं होतं.

मग धोंडूबाई खोकली, आणि दादा ताडकन उभे राहिले.

"बंद करा रडनं!" ते गरजले. "कुनी माज्यासाठी रडत नाय! बेंझाइल ब्रोमाइड हाय ते! उठा सगळे, डोळे चोळू नका! वाऱ्याला आडवं चला, त्या पान्याच्या पंपाकडं, लवकर!"

एकतीस वर्षं महिन्यातून एकदा हीच कवायत करून माणसं वैतागली होती. आज कुणी प्रश्न विचारला नाही. सगळे उठले आणि वाऱ्याला आडवे होऊन पंपाकडे निघाले, मॅडमसुद्धा. हर्षदने पंप चालू केला.

दादांनी खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला, संध्येच्या टोपलीतल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर ओढल्या, आणि शेताला लांबचा वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या अंगाने करवंदीच्या जाळीकडे गेले. सुनील तिथे मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, गालांवर पाण्याचे ओघळ, आणि तरीही पाला दाबतोच आहे.

"ओवा जास्ती पडला वाटतं, साहेब," तो म्हणाला.

दादांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. चामड्याने प्यायलेला माल मडक्यांच्या धगीने वाफ होऊन निघत होता. पिवळा ड्रम, न उघडलेलं झाकण, मोरपंखी शाल. ते ओरडले नाहीत. ओरडायला श्वास लागतो आणि त्यांनी तो धरून ठेवला होता. त्यांनी मोजे टोकाला धरून उपसून काढले, मागे फेकले आणि सुनीलला बखोटीला धरून पंपाकडे पळवत नेलं.

पंपाची धार मनगटाएवढी जाड होती. दादांनी सुनीलचं डोकं तिच्याखाली धरलं. डावं मनगट लालबुंद झालं होतं, तेही धरलं. घड्याळ बघितलं. पाट भरून वाहत होता आणि त्याच्या काठाने अख्खी कंपनी ओणवी होऊन डोळे धूत होती. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, की या लोकांचं काहीतरी व्रत चाललं आहे.

"साहेब, बास ना, थंडी वाजते," नऊ मिनिटांनी सुनील कुडकुडत म्हणाला.

"सहा राहिली."

"आता बरं वाटतंय."

"पाच आनि तीन चतुर्थांश."

पंधरा मिनिटं झाल्यावर दादांनी त्याला हर्षदच्या मोटारसायकलवर बसवून खोपोलीला डॉक्टरकडे धाडलं. मोजे काठीने उचलून दुहेरी पिशवीत बांधले आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत बंद केले. मग पाची मडक्यांकडे वळून त्यांनी निकाल सांगितला.

"ही खायची नाय."

पंपावर जेवढा हाहाकार झाला नव्हता तेवढा आता झाला. धोंडूबाई म्हणाली, मोजे बाहेरून लागले, शेंगा तर आत आहेत. दादा म्हणाले, पाला त्याच मोज्यांनी दाबला आहे. धोंडूबाई म्हणाली, मधलं मडकं तरी. दादा म्हणाले, नाय. पाच मडकी कोंबडी, अंडी आणि वालाच्या शेंगा तशाच गरम, घमघमत्या, कंपनीच्या कचऱ्यात जायला बांधल्या गेल्या, आणि या वेळी लोक जे हळहळले त्यात रसायनाचा काहीही संबंध नव्हता.

*

हर्षद आणि सुनील परत आले तेव्हा सूर्य कलला होता. सुनीलच्या मनगटाला मलमपट्टी होती, आणि मोजे दोन दिवस उन्हात वाळवल्याचं त्याने आल्या आल्या कबूल केलं. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्यात बरं होईल, डोळे शाबूत आहेत, वेळेवर धुतले म्हणून बरं. सगळी मंडळी शेताच्या वरच्या टोकाला, करवंदीच्याही वर, मोकळ्या वाऱ्यात बसली होती आणि तीस माणसांत दोन डझन भाकऱ्या वाटून खात होती. दादांनी लाल काठाचा वेळूही उपटून तिथे आणून रोवला होता.

दादांनी खिशातून वही काढली. भाकरीचे घास थांबले. सुनील खाली बघत उभा राहिला. तिसरी नोंद. बायको, म्हातारी आई, दोन पोरी, आणि सोमवारपासून गेटाबाहेर. दादांनी कधी कुणाची नोंद गाळली नव्हती, आणि ते आज गाळतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

त्यांनी गाळली नाही. पेन्सिलीला थुंकी लावून ते बराच वेळ लिहीत राहिले. मग, नियमाप्रमाणे, मोठ्याने वाचलं.

"शनिवार. बेंझाइल ब्रोमाइडची वाफ. बाधित तीस. पहिली चूक, गुरुवारी पिवळ्या ड्रमचं झाकण न उघडता खूण केली. चूक करणारा, गजानन ठोंबरे. दुसरी चूक, माल प्यायलेले मोजे कंपनीबाहेर नेले. चूक करणारा, सुनील. तिसरी चूक, धोका समजल्यावर इशारा द्यायला एक मिनिट उशीर. चूक करणारा, गजानन ठोंबरे. कारण..."

दादा थांबले.

"कारण काय, दादा?" मॅडमनी विचारलं.

"कारण, मानसं आपल्यासाठी रडतायत असं बघून त्याला बरं वाटत होतं."

कुणी हसलं नाही. म्हणजे हर्षद हसायला गेला, पण धोंडूबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मॅडमनी वही हातात घेतली, दोनदा वाचली.

"एका घटनेत दोन चुका तुमच्या, एक सुनीलची," त्या म्हणाल्या. "घरी बसवायचं तर आधी तुम्हाला बसवावं लागेल."

"मी तर चाललोच हाय."

"मग झालं. ही नोंद तुमच्या नावावर. आणि सुनीलने सोमवारपासून महिनाभर रोज सकाळी सगळ्यांना पिवळ्या ड्रमबद्दल शिकवायचं. ऊन दाखवून शुद्ध होत नाही, हे त्याच्याइतकं चांगलं कोण सांगणार?"

आता लोक मोकळे हसले. फक्त सुनील हसला नाही. तो पुढे आला, पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून दादांसमोर उभा राहिला.

"डाक्टर बोलला, आनखी पाच मिन्टं ऱ्हायलं असतं तर डोळ्यांचं कठीन व्हतं," तो म्हणाला. "आनि तवा... सात वर्सांमागं... तवा पन मी चष्मा नव्हता लावला. तवापासनं लावतो. एकदा त्या चष्म्यावर ॲसिड उडालं, दादा. मी कुनाला बोललो नाय. तुमाला पन बोललो नाय. रागात व्हतो ना मी." त्याने बाहीने नाक पुसलं. "दादा, माज्या पोरी मला दिसतात त्या तुमच्यामुळं."

आणि एवढा बेचाळीस वर्षांचा बाप्या, पोपटीचा वस्ताद, उभ्या उभ्या रडायला लागला.

दादांनी घाईघाईने वेळूकडे पाहिलं. लाल काठ डोंगराकडून महामार्गाकडे फडफडत होता. मडकी खाली, मोजे बादलीत, जाळ केव्हाच विझलेला. वाऱ्याच्या वर माळाशिवाय काही नव्हतं. हवा स्वच्छ होती.

"डोळे धू रं," दादा कसेबसे म्हणाले.

"ते नव्हं हे, दादा," सुनील म्हणाला.

दादांनी परत एकदा वेळूकडे पाहिलं. मग त्यांना तो काठ नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, तरी दिसेना. खिशात रुमाल शोधू लागले तर तो मघाशी धोंडूबाईला दिलेला.

संध्येने पदराचं टोक पुढे केलं. तिचे डोळे नेहमीसारखे कोरडे होते. तिने नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"रडा आता," ती म्हणाली. "पुरी पंदरा मिन्टं रडा. चौदा नाय."